कालव्याच्या रस्त्यावरची लेझीम

मुथा सर बोलण्याआधी हात वर करत.

वर्गात नव्हे. वर्गात ते गणित शिकवत आणि तिथं त्यांचं राज्य होतं. पण शनिवारी शेवटच्या तासाला मंडळाची सभा भरली, की हा चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस शेवटच्या बाकात गुडघे अडकवून बसे आणि काही सांगायचं झालं तर हात वर करून थांबे. पुढं टेबलाशी दहावीतलं एखादं पोर अध्यक्ष म्हणून बसलेलं. त्याचं लक्ष जाईपर्यंत सरांचा हात वरच. मग ते पोर घसा खाकरून म्हणे, "बोला, मुथा सर." तेव्हा ते उठून उभे राहत, दोन वाक्यं बोलत आणि "आभारी आहे, अध्यक्ष" म्हणून खाली बसत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी पुण्याहून नवीन आले होते. नवऱ्याची बँकेत बदली झाली, म्हणून जुन्नर तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात येऊन पडले आणि इथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. गावाचं नाव सांगत नाही. ज्या मुलींना मी गाण्यातून काढलं त्या पत्ता शोधत येतील, आणि आता मला पळताही येत नाही. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. माझ्याबरोबर त्या एस.टी.तून संस्कृतीच गावात उतरली आहे, असा माझा पक्का समज होता. पेटी वाजवता येत होती, गळ्यात मोत्यांची माळ होती आणि "उच्चार" हा शब्द मी दिवसातून अनेकदा उच्चारत होते. हेडसरांनी सांस्कृतिक विभाग माझ्या पदरात टाकला. मला वाटलं, मान दिला. तो विभाग कुणालाच नको होता, हे कळायला दोन वर्षं लागली.

मंडळं सगळ्याच शाळांत असतात. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, क्रीडा मंडळ. जूनमध्ये फळ्यावर नावं लिहायची, मार्चमध्ये पुसायची. आमच्याकडे मात्र मुथा सरांनी सगळ्यांची मोट बांधून एकच विद्यार्थी मंडळ केलं होतं आणि ते दहावीच्या मुलांच्या हाती दिलं होतं. सहल कुठं न्यायची, संमेलनात काय बसवायचं, मैदान कोणत्या वारी कुणी वापरायचं, हे मुलं ठरवत. पालक कुरकुरत, "दहावीचं वरीस हाय सर, पोरांना अभ्यास हाय." सर म्हणत, "म्हणूनच. पुढच्या वर्षी ह्यातलं कोण कुठं असेल सांगता येतं का? एक वर्ष तरी चार लोकांत ह्यांचं ऐकलं जाऊ दे."

तक्रार घेऊन कुणीही गेलं, की सरांचं उत्तर ठरलेलं. "मला नका सांगू. मंडळाला सांगा."

एकदा खुद्द हेडसरच तणतणत आले. पोरांनी मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळून ऑफिसची काच फोडली होती.

"मुथा, ह्या कार्ट्यांना आवरा."

"मला नका सांगू, सर. मंडळाला सांगा."

"मंडळ म्हणजे कोण हो? तीच कार्टी ना?"

"तीच. शनिवारी शेवटच्या तासाला बसतात."

हेडसर शनिवारी गेले. खुर्ची ओढून अध्यक्षाशेजारी बसायला लागले, तर सरांनी मागून हात वर केला आणि नम्रपणे सुचवलं, की पाहुण्यांनी बाकावर बसावं. मंडळानं त्या दिवशी ऑफिसच्या बाजूला क्रिकेट बंद केलं आणि ते खरंच बंद झालं. हेडसरांना आनंद झाला, पण तो त्यांनी बरेच दिवस कुणाला दाखवला नाही.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या आकाशाकडं तोंड केलेल्या मोठमोठ्या डिश आहेत, तिथं एकदा सहल नेली होती. आठवीतल्या एकानं सरांना विचारलं, "सर, ह्याच्यात किती च्यानल दिसत्यात?" आम्ही मास्तर मंडळी पोट धरून हसलो. माझं हसणं सगळ्यांत वरच्या पट्टीत. सर हसले नाहीत. म्हणाले, "मला कशाला विचारतोस? तिथं काम करणाऱ्यांनाच विचार." पोरानं जाऊन तसंच विचारलं. तिथला तरुण इंजिनिअर आधी हसला, मग जमिनीवर काठीनं रेघा ओढत त्याला समजवायला बसला, तो आमची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत. आम्हाला बाकीच्यांना त्या दिवशी फक्त उसाचा रस मिळाला.

सरांचं जैन घराणं मूळचं राजस्थानातलं, पण गावात इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की ते वाद घालताना "राव" म्हणत. बाजारपेठेत भावाचं कापडाचं दुकान. सरांनी गादीवर न बसता शाळा धरली, पण बोटांतलं कापड गेलं नव्हतं. संमेलनाला मी नाचासाठी चकचकीत साटीन आणलं. सरांनी दोन बोटांत कोपरा धरला आणि म्हणाले, "बाई, ह्याला पाणी दाखवू नका." मी फणकाऱ्यानं ते धुऊन पाहिलं. पुढची तीन संमेलनं आमच्या पऱ्या गुडघ्याच्या वरच राहिल्या.

त्यांची एकच गोष्ट मला खटकायची. संध्याकाळ व्हायला लागली, की त्यांची नजर पश्चिमेकडे जायची. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं, की सर सायकलवर टांग टाकून घरी. सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत, पाणीही पीत नसत. मी म्हटलं, "फार धार्मिक हो तुम्ही." तर म्हणाले, "धर्माचं मला फारसं कळत नाही. आईनं लावलेली सवय. ती गेली, सवय राहिली." हे ऐकून कुणीही गप्प बसलं असतं. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायला लागले. डोळ्यांवर हात धरून खिडकीतून सूर्य शोधायचा आणि दचकून पर्स उचलायची. फार हशा मिळायचा. एकदा सर स्वतःच दारात उभे होते. नक्कल संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बाई, मी डावीकडून बघतो. तिकडं चिंच आहे."

आता सारिकाकडे येते.

सारिका कालव्यापलीकडच्या वस्तीवरची. आवाज असा, की वर्गात तिनं हजेरी दिली तर शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहत. मी तिला नववीत स्वागतगीतात घेतलं, कारण ती उंच होती आणि मागच्या रांगेत खड्डा पडत होता. तालमीत म्हटलं, "तू नुसते ओठ हलव." तिनं एक दिवस हलवले. दुसऱ्या दिवशी शनिवारच्या सभेत उठून उभी राहिली. "पोरांना लेझीम आन् पोरींना हात जोडून गानं, असं का? आमाला पन लेझीम पायजे."

मुलं खिदळली. मी खिडकीतून ऐकत होते, मी तर दुखावलेच. शेवटच्या बाकावर हात वर झाला. "अध्यक्ष, हसणारांनी कारण सांगावं." कारण कुणालाच सांगता येईना. पुढच्या वर्षीपासून मुलींचं लेझीम पथक करायचं ठरलं. पुढच्या वर्षी सारिका दहावीत गेली आणि मंडळाची अध्यक्षही झाली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, शाळेचा जन्म झाल्यापासून मुलींच्या हाती लेझीम आली नव्हती.

सरांना लेझीम येत नव्हती. त्यांनी मैदानावर फक्कीनं चौकटी आखून दिल्या आणि मुलांच्या पथकातल्या दोघांना शिकवायला सांगितलं. स्वतः बाजूला उभे राहून पायानं ताल धरायचे, तोही चुकायचा. पण कोणाचा हात कुठं मागं पडतोय, हे त्यांना बघता बघता ऐकू यायला लागलं.

दिवाळीनंतर बिबट्या आला. म्हणजे तो होताच. धरणाच्या पाण्यानं तालुकाभर ऊस झाला आणि उसात बिबटे राहायला आले. पण त्या हिवाळ्यात सारिकाच्या वस्तीवर अंगणातलं कुत्रं उचललं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली, की वस्तीवरच्या मुली धावत घरी. तालमीला निम्म्या चौकटी रिकाम्या. हेडसर म्हणाले, "पूर्ण पथक असेल तर संमेलनात घेऊ. नाहीतर मुलींनी आपलं स्वागतगीत म्हणावं, बाई बसवतील." मी आनंदानं पेटी पुसायला घेतली, हेही सांगून टाकते.

सारिका मला वाटेत भेटली. मी म्हटलं, "अगं, गाण्यात ये ना परत."

ती म्हणाली, "बाई, दहावी झाली की मला पुढं शिकवनार न्हाईत. घरी ठरलंय. मंग मला कोन इचारनार हाय कुठं? हे एवढं माझ्या हातानं व्हऊ द्या."

मी पेटी झाकली.

त्या शनिवारी तिचे आजोबा शाळेत आले. वस्तीवर त्यांना सगळे आप्पा म्हणत. पांढरं धोतर, हातात काठी. थेट मुथा सरांपाशी गेले.

"मास्तर, आमची नात ह्या लेझमीत न्हाई यायची. सांगून ठिवतो."

"मला नका सांगू, आप्पा. मंडळाला सांगा."

"कोन मंडळ?"

सरांनी त्यांना वर्गात नेलं. पुढं टेबलाशी अध्यक्ष म्हणून नातच बसलेली. आप्पा दारात थबकले. मी सगळं काम सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. अशा ठिकाणी मी कधी उशिरा पोचले नाही.

"बोला, पावनं," सारिका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

आप्पांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग टोपी नीट केली. "मी काय म्हंतो... वस्तीच्या रस्त्याला दोनी अंगानं ऊस. दिस मावळायला वाघ भाईर पडतो. पोरींनी उशिरा यायचं न्हाई. पाची वस्त्यांवरच्या मान्सांचं हेच म्हननं हाय."

"पावनं, एक इचारू का? तुमी रातच्याला उसाला पानी द्यायला जाता, तवा काय करता?"

"काय करनार? डबा वाजवीत जातो."

"का?"

"गोंगाट झाला की ते जनावर लांब ऱ्हातं."

सारिकानं वर्गाकडे पाहिलं. कुणीतरी मुलगी मागून म्हणाली, "मंग आमी पन वाजवीतच यिऊ की! तालीम रस्त्यानंच करू. ढोल हाय, चाळीस लेझमी हायत!"

वर्गात एकदम कल्ला झाला. आप्पांनी काठी आपटली. "आन् संगं मोठं मानूस कोन? का वाघानंच शिट्टी मारायची?"

कल्ला थांबला. वस्तीवरची माणसं त्या वेळी उसाला पाणी देण्यात, गुराढोरांत अडकलेली. कोण रोज येणार? तेवढ्यात शेवटच्या बाकावर हात वर झाला. अध्यक्षांनी पाहिलं.

"बोला, मुथा सर."

"मी येतो," सर म्हणाले. "आभारी आहे, अध्यक्ष." आणि खाली बसले.

सोमवारपासून सुरू झालं. शाळा सुटली, की पुढं ढोल, मागं दोन रांगांत मुली, शेवटी सायकल हातात धरून सर. बाजारपेठ ओलांडून कालव्याच्या रस्त्याला लागले, की सारिकाची शिट्टी. चार पावलं पुढं, एक मागं, वाकून डावीकडे, वाकून उजवीकडे. घरी जायला लागणारा वेळ दुप्पट झाला आणि कुणाची तक्रार नव्हती. एकेका वस्तीपाशी रांग लहान होत जाई. शेवटची सारिका. तिला अंगणात सोडून सर एकटे सायकलवर परत. मी विचारलं, "येताना भीती नाही वाटत?" म्हणाले, "मोठ्यानं पाढे म्हणतो. एकोणिसाचा, एकोणतिसाचा. गणिताला भिऊन पळण्यात बिबट्या आणि आपली मुलं सारखीच." वस्त्यांवर हे माहीत झालं होतं. बायका चुलीपुढून म्हणत, "मास्तर चालला बग, एकोनतिसावर आलाय."

एक दिवस मुलींच्या पोशाखाचं कापड बघायला मी सरांच्या भावाच्या दुकानात गेले. मागं घर. सरांच्या पत्नी विमलभाभी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, शाळेत ह्यांना काय खायला देता हो संध्याकाळी?"

"आम्ही? काहीच नाही. का?"

"मग हे महिना झाला रात्रीचे उपाशीच झोपतायत. अंधार पडल्यावर घरी येतात. ताट तसंच. पाण्याला हात लावत नाहीत. म्हटलं, सकाळी डबा देते, चार-पाचला खाऊन घ्या. तर म्हणाले, 'पोरी दुपारच्या भाकरीवर चालत जातात. त्यांच्यासमोर मी एकटा डबा उघडू?'"

खिडकीतून सूर्य शोधणारी मी. त्यांनी सूर्याकडे बघायचंच सोडलंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चहा तसाच ठेवला. माझ्या पोटात तशी कुठलीच गोष्ट राहत नाही, ही तर अर्धा तासही राहिली नाही. मी सरळ सारिकाला गाठलं.

दुसऱ्या दिवशी मुली मैदानात रांगेत उभ्या. सर सायकल घेऊन आले. सारिकानं शिट्टी मारली आणि सगळ्या मुली जिथल्या तिथं खाली बसल्या.

"काय झालं?" सर म्हणाले. "उशीर होतोय."

"बसा, सर. डबा उघडा."

"डबा कुठला?"

मी पिशवीतून भाभींनी दिलेला डबा काढला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मोत्यांच्या माळेशी चाळा करायला लागले.

"हे बरोबर नाही, सारिका. तुम्ही सगळ्या उपाशी..."

"कोन उपाशी?" मुलींनी दप्तरातून फडकी काढली. भाकरी, चटणी, कुणाची मेथीची भाजी. "आजपासून सगळ्यांनी खाऊन निघायचं. मंडळानं ठरीवलंय. लसणाचा ठेचा ज्यांच्याकडं हाय त्यांनी तिकडं लांब बसा गं, सरांना वास नको."

निम्म्या मुली उठून लांब जाऊन बसल्या.

सर उभेच. मग त्यांनी हात वर केला.

सारिकानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि भाकरी मोडली. हात वरच. शेवटी म्हणाली, "परवानगी न्हाई. आधी जेवा."

सर बसले. दोन पायांवर, कडेला, सायकलला टेकून. डब्यातली पोळी मोडताना त्यांनी मान खाली घातली होती, ती बराच वेळ वर केली नाही. मी त्या दिवशी तिकडं लांब, ठेच्याच्या बाजूला बसले होते. सगळं सांगायचं तर फार चविष्ट ठेचा होता.

संमेलन जानेवारीत. दुपारी सुरू करायचं, उन्हं असताना संपवायचं, असं मंडळानं ठरवलं होतं. मुलींची लेझीम शेवटी. पण पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर बोलायला उभे राहिले. शिक्षणाचं महत्त्व सांगून झालं, स्वतःचं बालपण सांगून झालं. मग बक्षिसं, आभार. सूर्य खाली चालला. वस्तीवरचे आईबाप चुळबुळायला लागले, बायका पोरं काखोटीला मारून उभ्या राहिल्या. हेडसर घाम पुसत स्टेजमागं आले. "मुथा, लेझीम रद्द. अंधाराच्या आत लोकांना घरी पोचू द्या. काही झालं तर माझ्यावर येईल."

मुली पोशाख घालून रांगेत उभ्या होत्या. एक रडायला लागली. मला वाटलं, सर आता भांडतील. ते नुसते सारिकाकडे पाहत राहिले. तिच्या हातात शिट्टी होती आणि ती हेडसरांचंच म्हणणं विचारात घेत होती, हे तिच्या कपाळावर दिसत होतं.

"हेडसरांचं बरोबर हाय," ती म्हणाली. "मान्सांना घरी जायला पायजे." मग ढोलवालीकडे वळली. "चल. मैदानात न्हाई. फाटकातून भाईर."

शिट्टी वाजली. मुली स्टेजपुढून, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मधून, फाटकाबाहेर निघाल्या, आणि घरी जायला उठलेलं अख्खं मैदान त्यांच्या मागं निघालं. आया, बाप, कडेवरची पोरं, टॉर्च हातात घेतलेले म्हातारे. आप्पा पहिल्याच रांगेच्या बाजूनं काठी उंचावत चालले होते आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला ओरडत होते, "बाजूला घे रं! लेझीम हाय!" पाहुणेसुद्धा थोडं चालले.

मी फाटकाशी आले, तर सर तिथं उभे. सायकल हातात. लोकांचा शेवटचा घोळका पुढं गेला होता. आज एवढे आईबाप बरोबर होते, की सोबत करायची कुणाला गरज नव्हती.

"जात नाही, सर?" मी विचारलं.

"आज कशाला?"

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात केली. नंतर लग्नाकार्यात दोनतीनदा भेटले, केस नव्हतेच, दातही गेले होते. पण मुथा सर म्हटलं की मला ते फाटकाशी उभे दिसतात. कालव्याकडून ढोल ऐकू येत होता, त्यावर लेझमी. सर मान थोडी तिरकी करून ऐकत होते.

"एक मागं पडतेय," ते म्हणाले.

"कोण?"

"ओळखली मी." सायकलच्या दांड्यावर त्यांची बोटं ताल धरत होती, चुकतच. "पळत जाऊन सांगितलं तर वळणापाशी गाठता येईल."

"मग जा की."

आवाज उसाआड गेला, परत थोडा वर आला.

"नको," म्हणाले. "शेजारची सांगेल तिला."

आणि सायकल वळवून ते बाजारपेठेकडे चालायला लागले. बसले नाहीत सायकलवर, हातातच धरून चालले होते, सावकाश, आवाज येतोय तोवर.